मावशीच्या पिशवीतल्या दोन फायली

फॉर्म भरायची आपल्याला ऑफिसात सवयच असते. अप्रेजल, फीडबॅक, एक ते पाचमध्ये मार्क द्या वगैरे. कॅन्सरच्या पेशंटसाठीही असा एक फॉर्म आहे, ‘क्यूएलक्यू-सी३०’. युरोपातल्या कॅन्सर संशोधकांनी बनवलेला आणि जगभर वापरला जाणारा. प्रश्न बरोब्बर ३०. गाठ किती सेंटिमीटरची, हे तो विचारतच नाही. जेवण जातं का, झोप लागते का, चालताना त्रास होतो का, पैशांची ओढाताण होतेय का, असलं सगळं विचारतो. शेवटी गेल्या आठवड्यातल्या जगण्याला १ ते ७ मध्ये मार्क द्यायला लावतो. ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ म्हणतात ती हीच. आपण हा शब्द फक्त टूबीएचकेच्या जाहिरातीत वाचलेला!

‘इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’चा सगळा फंडा या मार्कांभोवती आहे. मूळ आजारावर ऑपरेशन, केमो, रेडिएशन चालूच ठेवायचं आणि जोडीला योग, आहार, आयुर्वेद, अ‍ॅक्युपंक्चर यातलं जे तपासून उपयोगी ठरलंय, त्यानं पेशंटचे दिवस सुसह्य करायचे. ‘जोडीला’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बरा होऊ शकणारा कॅन्सर असूनही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले, त्यांच्या मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट दिसला.

आता चला श्रीरामपूरला. माझी मावशी तिथं राहते. ब्रेस्ट कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, मग दर तीन आठवड्यांनी केमोसाठी पुणे. राहुरी, नगर, शिरूर, वाघोली. जाताना चार-साडेचार तास, येताना तेवढेच, आणि येताना उलटी होईल म्हणून मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. त्यात आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी नुसतं येत नाही. शहाळं आणतात आणि सोबत एक उपाय. गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा, कुणाच्या तरी साडूला गुण आलेली पुडी. म्हणजे इंटिग्रेशन आमच्या स्वयंपाकघरात कधीच सुरू झालं होतं. डॉक्टरांना तेवढा पत्ता नव्हता.

तिसऱ्या केमोआधी लिव्हरचे आकडे वाढलेले आले. डॉक्टरांनी विचारलं, “दुसरं काही घेताय का?” मावशी म्हणाली, “नाही हो.” काढ्याची बाटली तिच्या पायाशी, पिशवीतच होती. मी म्हणाले, “मावशी, सांग ना.” तिनं माझ्याकडे असं बघितलं की बास! केमो आठ दिवस पुढे गेली, काढा बंद झाला, आकडे उतरले. ते काढ्यानं वाढले होते की आणखी कशानं, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकलं नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, असं त्यांचं म्हणणं. वादाचा निकाल काहीही लागो, शेजारच्या कुंपणावरून तोडलेली वेल नक्की कुठली, हे मावशीला तरी कुठं माहीत होतं?

परतताना मी तिला विचारलं, का गं नाही सांगितलंस? “ओरडले असते ते. आणि काढा उकळताना निदान असं वाटायचं की मी काहीतरी करतेय. बाकी सगळं माझ्यावरच करतायत.”

मला वाटतं, पेशंट या वाटेला का जातात याचं याहून खरं उत्तर मिळणं अवघड आहे.

गंमत म्हणजे ज्या वाघोलीवरून आमची गाडी जायची, तिथंच भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचं केंद्र आधुनिक कॅन्सर उपचार आणि आयुर्वेद यांची सांगड घालतं. केमोसोबत मौक्तिकयुक्त कामदुधा, प्रवाळ पंचामृत अशी औषधं दिल्यावर केमोचा त्रास कमी होऊन जगणं सुधारतं का, यावरचा त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. निष्कर्ष आशादायक, पण पेशंट मोजकेच, त्यामुळे लगेच उड्या मारू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं मात्र योगाची चाचणी ८५० महिलांवर घेतली आणि २०२२ मध्ये तिचे चांगले निकाल मांडले. कॅन्सरच्या थकव्याचंही असंच उलटं गणित आहे. पडून राहून तो जात नाही, झेपेल तेवढं चालण्यानं कमी होतो.

चौथ्या केमोपासून मावशीच्या पिशवीत दोन फायली आल्या. श्रीरामपुरातल्याच एका वैद्यांनी नाडी बघायच्या आधी केमोची फाइल मागितली, तिथंच मला ते आवडले. त्यांनी दोन औषधं लेटरहेडवर लिहून दिली, पुण्याच्या डॉक्टरांनी एकाला हो म्हटलं, एकाला केमो संपेपर्यंत थांबवलं. सकाळी प्राणायाम, संध्याकाळी मेन रोडच्या कोपऱ्यापर्यंत चालणं. सुरुवातीला ती अर्ध्यातूनच परतायची.

भेटायला येणारे थांबलेले नाहीत. मावशीनं आता एक दोनशे पानी वही केलीय. कुणी उपाय सांगितला की ती वही आणि पेन पुढे सरकवते, “लिहा बरं इथं, मंगळवारी डॉक्टरांना दाखवते.” आत्तापर्यंत अकरा उपाय झालेत. डॉक्टरांनी नऊ खोडले. उरलेल्यात एक आल्याचा चहा आणि एक माझ्या आजीची मऊ खिचडी.