लॅपटॉपची नाडीपरीक्षा

लॅपटॉप मंद झाला की बहुतेक घरांत पहिला विषय निघतो तो नव्या लॅपटॉपचा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा थांबवल्यापासून तर हा विषय अधिकच निघू लागला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर अनेक सुस्थितीतील यंत्रांत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स मिंटसारखी मुक्त प्रणाली बसवून ती वापरात ठेवण्याचा मार्ग अनेकांनी स्वीकारला आहे. तथापि प्रणाली बदलली म्हणून यंत्राचे दुखणे आपोआप कळत नाही. मेमरी अपुरी आहे, हार्ड डिस्क थकली आहे, पंख्यात धूळ साचली आहे, की ब्राउझरमध्ये उघड्या ठेवलेल्या पंचवीस टॅबचे ओझे आहे? खर्च या उत्तरावर ठरतो. पहिल्या दोन कारणांना सुटा भाग बदलून भागते, तिसऱ्याला साफसफाई पुरते आणि चौथ्याला काहीच लागत नाही.

हे उत्तर देणारी साधने लिनक्सवर मुबलक आहेत. प्रणालीबरोबर येणारा 'सिस्टीम मॉनिटर' तर हाताशीच असतो. पण तो उघडेपर्यंत अडखळणे बहुधा संपलेले असते. आजारी माणसाचा ताप तो चढलेला असतानाच मोजावा लागतो, तसेच हे आहे. म्हणूनच पडद्याच्या कोपऱ्यात सतत उमटत राहणारा, एका दृष्टिक्षेपात दिसणारा फलक अधिक उपयोगी ठरतो. 'कॉन्की' हा या प्रकारातील सर्वांत परिचित प्रोग्रॅम. 'टॉर्स्मो' नावाच्या जुन्या प्रोग्रॅमवरून तो २००५ साली तयार झाला. त्याचे नाव मात्र 'ट्रेलर पार्क बॉइज' या कॅनडातील विनोदी मालिकेतल्या एका बोलक्या बाहुल्यावरून घेतलेले आहे.

कॉन्की स्वतः फारसे काही मोजत नाही. लिनक्सचे कर्नल प्रोसेसर, मेमरी आणि नेटवर्क यांचा हिशेब 'प्रॉक' नावाच्या आभासी फोल्डरात, तर तापमान व बॅटरी यांचा हिशेब 'सिस' या फोल्डरात अखंड मांडत असते. या फाइली डिस्कवर नसतात. वाचायला घेताच कर्नल त्या त्या क्षणी त्यांत आकडे भरून देते. कॉन्की ठरावीक अंतराने ते आकडे वाचतो आणि पडद्यावर लिहितो. काय लिहायचे, कुठे आणि कोणत्या रंगात, हे आपण एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सांगायचे.

लिनक्स मिंटवर 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधून 'कॉन्की-ऑल' हे पॅकेज बसवावे. त्यात सर्व सोयी एकत्र येतात. सोबत 'एलएम-सेन्सर्स' हेही घ्यावे आणि टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' ही आज्ञा रोमन लिपीत देऊन यंत्र आपले तापमान सांगते की नाही, हे पाहून घ्यावे. त्यानंतर 'ईटीसी'मधील 'कॉन्की' फोल्डरातली नमुना फाइल आपल्या होम फोल्डरातील 'डॉट-कॉन्फिग' या दडलेल्या फोल्डरात, 'कॉन्की' नावाचा उपफोल्डर करून, त्यात उतरवून घ्यावी. या फाइलचे दोन भाग असतात. वरच्या भागात फलकाची जागा, अक्षरांचा आकार, पार्श्वभूमी. खालच्या भागात प्रत्यक्ष मजकूर.

इंटरनेटवर मिळणारे देखणे तयार नमुने उतरवून घेण्याचा मोह इथेच होतो, आणि बहुतेकांची निराशाही इथेच होते. २०१५ साली आलेल्या १.१० या आवृत्तीपासून कॉन्कीच्या फाइलची मांडणी बदलून ती 'लुआ' भाषेत आली. नव्या मांडणीत ओळीच्या शेवटचा एखादा स्वल्पविराम राहिला, तरी कॉन्की ही फाइल जुन्या पद्धतीची आहे असे समजून तिचे रूपांतर करू पाहतो आणि भलताच संदेश दाखवतो. नवखा वापरकर्ता मग रूपांतराच्या मागे लागतो. दोष एका स्वल्पविरामाचा असतो. दुसरी अडचण नावांची. नमुना करणाऱ्याच्या यंत्रात वाय-फायचे नाव एक असते, आपल्या यंत्रात दुसरेच. परिणामी नेटवर्कचा आकडा शून्यावर थिजतो. 'आयपी लिंक' ही आज्ञा दिल्यावर आपल्या यंत्रातील खरे नाव कळते, तेच फाइलमध्ये लिहावे. बॅटरीचा क्रमांक कुठे शून्य असतो, कुठे एक. तापमानासाठी तर क्रमांकावर विसंबूच नये, कारण यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तो बदलू शकतो. इंटेल प्रोसेसर असल्यास 'कोअरटेम्प' हे नावच द्यावे.

डेस्कटॉपवर क्लिक करताच फलक गायब होतो, ही आणखी एक नेहमीची तक्रार. फलकाच्या खिडकीचा प्रकार 'डेस्कटॉप'ऐवजी 'नॉर्मल' ठेवून तिला सर्वांच्या खाली राहण्याची व चौकट नसण्याची सूचना दिली की हा लपंडाव बहुधा थांबतो. आकडे लुकलुकत असतील, तर 'डबल बफर' हा पर्याय चालू करावा. फलकावरील शब्द मराठीत लिहिण्याची हौस मात्र तूर्त आवरावी लागते. अक्षरे रेखाटण्याची जी जुनी व्यवस्था कॉन्की वापरतो, ती जोडाक्षरे जुळवत नाही आणि ऱ्हस्व वेलांटीही जागेवर बसवत नाही.

इतके झाले की फलक उभा राहतो. रंग आणि वर्तुळाकार आलेख यांत हवा तेवढा वेळ घालवता येतो; पुष्कळ जण तो घालवतातही. पण लॅपटॉप टाकायचा की ठेवायचा हे ठरवण्यासाठी पाच-सहा आकडे पुरेत आणि ते नीट वाचता आले पाहिजेत.

सर्वाधिक गैरसमज मेमरीच्या आकड्याबद्दल असतो. ४ जीबी रॅमच्या यंत्रात 'फ्री' या रकान्यात जेमतेम ३०० एमबी दिसले की मेमरी संपली, असा निष्कर्ष निघतो. तो घाईचा असतो. रिकामी मेमरी लिनक्सच्या दृष्टीने वाया गेलेली मेमरी. म्हणून नुकत्याच वाचलेल्या फाइली ते तिथे राखून ठेवते आणि एखाद्या प्रोग्रॅमला जागा लागली की ती मोकळी करून देते. घरात पाहुणे नसताना पाहुण्यांच्या खाटेवर घडी घातलेले कपडे ठेवावेत, तसा हा प्रकार. खरा आकडा 'अव्हेलेबल' या रकान्यातला. कर्नलमध्ये त्याची सोय २०१४ सालच्या ३.१४ या आवृत्तीपासून आहे. कॉन्कीच्या फाइलमध्ये 'नो बफर्स' हा पर्याय चालू ठेवला, तर वापरलेल्या मेमरीतून हा राखीव साठा वजा होतो.

मेमरी खरोखर अपुरी असल्याची खूण वेगळी आहे. रॅममध्ये न मावणारा मजकूर प्रणाली डिस्कवरील 'स्वॅप' या जागेत हलवते. स्वॅपचा आकडा नुसता मोठा असणे फारसे गंभीर नाही. सकाळी कधीतरी हलवलेला मजकूर तिथे निवांत पडून असू शकतो. तो आकडा डोळ्यांदेखत वाढत असेल आणि त्याच वेळी डिस्कची वाचन-लेखनाची गती चढलेली असेल, तर मात्र रॅम वाढवण्याला पर्याय नाही. फलकावर सर्वाधिक मेमरी घेणाऱ्या तीन प्रोग्रॅमची नावेही ठेवावीत. तिथे ब्राउझरच पुन्हापुन्हा दिसत असेल, तर रॅमच्या दुकानात जाण्यापूर्वी काही टॅब बंद करून पाहावेत.

'लोड' हा आकडाही असाच फसवा. प्रोसेसरवर काम करणारी आणि त्याच्यासाठी रांगेत उभी असलेली कामे किती, याची ती सरासरी. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर लोड चारच्या आसपास असेल, तर बँकेच्या चारही खिडक्यांवर एकेक ग्राहक उभा आहे, इतकाच त्याचा अर्थ. पण लिनक्स या मोजणीत डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली कामेही धरते. त्यामुळे प्रोसेसर दहा-पंधरा टक्केच वापरात आहे आणि लोड मात्र सात-आठवर गेला आहे, असे दिसल्यास संशय जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर घ्यावा. तिच्या जागी एसएसडी बसवल्यावर दहा वर्षांपूर्वीचे यंत्रही ओळखू येऊ नये इतके बदलते.

राहिला उष्णतेचा प्रश्न. फलकावर तापमान आणि प्रोसेसरचा वेग शेजारी-शेजारी ठेवावेत. जड काम सुरू असताना वेग चढायला हवा. त्याऐवजी तापमान नव्वदीच्या पुढे जाऊन वेगच घसरत असेल, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी गती आवरत आहे. पंखा व जाळी साफ करून, वाळलेली थर्मल पेस्ट बदलून हे बरेचदा सुधारते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरण्याची सवय असेल, तर तपासणी तिच्यापासूनच सुरू करावी. बॅटरीची टक्केवारी दिलासा देते, पण १०० टक्के म्हणजे आज ती जितकी भरू शकते त्याचे १०० टक्के. 'सिस'मधील बॅटरीच्या फोल्डरात सध्याची पूर्ण क्षमता आणि मूळ रचनेतील क्षमता, असे दोन्ही आकडे बहुधा मिळतात. दुसरा पहिल्याच्या दुप्पट असेल, तर बॅटरी अर्धी झिजली आहे.

लॅपटॉप सुरू होताच फलक यावा यासाठी 'स्टार्टअप ॲप्लिकेशन्स'मध्ये कॉन्कीची नोंद करावी आणि तिला वीसेक सेकंदांचा विलंब द्यावा. तो न दिल्यास डेस्कटॉप तयार होण्याआधीच फलक उमटतो आणि त्याखाली झाकला जातो. आकडे दर सेकंदाला बदलण्याची गरज नाही. दोन-तीन सेकंदांचे अंतर पुरते, आणि बॅटरीवर असताना ते वाढवण्यासाठी वेगळा पर्यायही आहे. अति आलेख लावून दर अर्ध्या सेकंदाला ताजे केले, तर प्रोसेसर खाणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत स्वतः कॉन्कीच दिसू लागतो.