न्हाणीच्या जाळीतून येणारा पूर

पावसाळा तोंडावर आला की नालीकाठच्या घरांची तयारी दारापासून सुरू होते. उंबऱ्याशी विटांचा बांध घालायचा, फटीत पोती कोंबायची, ओसरीला एक पायरी वाढवायची. २१ जुलै २०२१ च्या रात्री अकोल्यात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे वर्षाच्या सरासरीचा जवळपास चौथा हिस्सा एका रात्रीत. मोर्णा नदीला पूर आला आणि खोलगट वस्त्या पाण्यात गेल्या. अशा रात्री दार कितीही पक्कं केलं, तरी घरात शिरायची दुसरी वाट उघडीच असते. न्हाणीची जाळी, संडासाचं भांडं, कपडे धुण्याच्या जागेचा निचरा यांतून रस्त्यावरचं पाणी मैल्यासकट आत येतं. ते का येतं आणि कशाने थांबतं, याविषयी अकोला-अमरावतीत ज्या समजुती आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे. सारं लक्ष पाइपाकडे जातं आणि पाण्याच्या पातळीचा हिशेब कुणी करत नाही.

हा हिशेब कुठल्याही गवंड्याला पाठ असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून तो एक टोक या भिंतीला आणि दुसरं त्या भिंतीला लावतो. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर थांबतं आणि तो पेन्सिलीने खूण करतो. घराची सांडपाण्याची लाइन आणि रस्त्यावरचं चेंबर यांच्यातही हाच नियम चालतो. चेंबर तुंबलं की त्यातलं पाणी जितकं वर चढेल, तितकंच ते घराच्या लाइनमध्येही चढू पाहतं. चेंबरमध्ये मात्र ते झाकणापर्यंतच चढू शकतं, कारण त्यापुढे ते रस्त्यावर सांडतं. म्हणून चेंबरच्या झाकणापेक्षा घरातलं सर्वांत खालचं तोंड उंच असेल, तर रस्ताच तेवढ्या पाण्याखाली जाईपर्यंत भीती नाही. झाकणाहून खाली असेल, तर उलट्या पाण्याचा धोका दर मोठ्या पावसात आहे. जर्मनीतले नियम रस्त्याची पातळी हीच उलट्या पाण्याची रेषा धरतात, आणि अमेरिकेतले नियमही चेंबरच्या झाकणाच्या उंचीवरूनच कोणत्या तोंडाला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लागेल हे ठरवतात.

‘आमचं जोतं उंच आहे’ हा भरवसा इथेच तपासून पाहायला हवा. घर बांधलं तेव्हा जोतं रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट वर असेलही. पण त्यानंतर डांबराचे थर चढले, मग त्यावर सिमेंट काँक्रीट आलं, आणि रस्त्याबरोबर चेंबरचं झाकणही वर गेलं. घर जागचं हललं नाही, तरी ते खाली गेलं. शिवाय न्हाणी आणि संडासाची फरशी बैठकीच्या फरशीहून दोन-चार इंच खाली असते, तेव्हा जोत्याची उंची मोजून भागत नाही. जाळीपासून झाकणापर्यंतची उंची मोजावी लागते. नदीकाठच्या बांधकामांसाठी राज्याच्या नियमावलीत निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरली जाते. या दोन रेषांमध्ये बांधकामाला परवानगी द्यायची तर जोतं लाल रेषेच्या वर किमान ४५ सेंटिमीटर हवं. नियम रास्त आहे, पण नदीपासून लांब, नालीच्या उतारावर वसलेल्या जुन्या घरांना त्याचा काही आधार नाही.

‘जाळीखाली पाणी साचलेलं असतं, तेच अडवतं’ असंही म्हटलं जातं. ट्रॅपमधलं ते पाणी जेमतेम ५० मिलिमीटर असतं आणि त्याचं काम दुर्गंधी व झुरळं अडवणं एवढंच आहे. खालून पाणी चढलं की ते आधी साचलेलं पाणीच वर ढकललं जातं. मोठा पाइप टाकूनही काही साधत नाही. त्याने नेहमीचा निचरा सुधारतो, पण पाणी उलटलं की रुंद पाइप ते जास्त वेगाने आत आणतो. जाळीवर फडकं ठेवून वर वीट ठेवण्याचा उपाय तर घरोघरी आहे. झाकणाची पातळी जाळीपेक्षा अर्धा मीटर वर असेल, तर चार इंची पाइपाच्या तोंडावर खालून सुमारे चार किलोचा रेटा बसतो आणि साधी वीट तीनएक किलोची असते. वजन वाढवून वीट टिकली, तरी पाणी फटीतून येतं, नाहीतर शेजारच्या संडासाच्या भांड्यातून येतं. एक तोंड बंद केलं की त्याच्यानंतरचं सर्वांत खालचं तोंड वाहू लागतं. एकच तोंड खाली असेल, तर त्यात आटे असलेला उभा पाइप घट्ट बसवणं हा स्वस्त आणि खरा उपाय आहे. पाणी त्या पाइपात पातळीपर्यंत चढतं आणि तिथेच उभं राहतं.

सर्वांत घातक समजूत मात्र वेगळी आहे, ‘आमच्याकडे भुयारी गटार कुठे आहे, आमचा तर सेफ्टी टँक आहे.’ अकोला आणि अमरावतीत भुयारी गटारीची कामं झाली आहेत, तरी असंख्य घरांचं सांडपाणी आजही सेफ्टी टँकमधून नालीत जातं. काळ्या मातीत शोषखड्डा धड काम करत नाही, कारण ही माती पावसात फुगते आणि तिची छिद्रं मिटतात. म्हणून टँकचा ओव्हरफ्लो सरळ नालीला जोडलेला असतो. नाली नाल्याला मिळते; नाला अकोल्यात मोर्णेला, तर अमरावतीत वाटेतल्या अंबा नाल्याला. पुढचं पात्र भरलं की मागचं थांबतं आणि नालीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून टँकमध्ये, तिथून घरात येतं. भुयारी गटारीत चेंबरचं झाकण जी मर्यादा घालतं, ती इथे नालीच्या काठाची असते. पावसाळ्याच्या तोंडावर टँक उपसून घेतल्याने हे टळत नाही. रिकामी जागा नालीचं पाणी थोड्या वेळात भरून काढतं. उलट, ओल्या जमिनीत रिकामी केलेली हलकी प्लॅस्टिकची टाकी खालच्या पाण्याने उचलली जाण्याचा धोका असतो. टँक उन्हाळ्यात उपसावा आणि ओव्हरफ्लोच्या पाइपावर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा.

हा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह साधा असतो. आत वरून बिजागरी लावलेली एक झडप. सांडपाणी बाहेर जाताना ती उघडते, बाहेरून रेटा आला की मिटते. अंगावर बाण असतो, तो नालीच्या दिशेने हवा. तो आडवा बसतो आणि वर उघडता येईल असं झाकण असलेल्या चेंबरमध्येच बसवायचा, फरशीखाली गाडायचा नाही. केस, कापड, पॅड किंवा ग्रीसचा एक गोळा झडपेत अडकला, तर ती मिटत नाही. म्हणून मे महिन्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात अधूनमधून उघडून धुणं हा त्याच्या किमतीचाच भाग समजावा.

खरी चूक जागेची होते. अपार्टमेंटमध्ये सगळ्या मजल्यांची लाइन एकत्र करून तिच्या शेवटी एकच व्हॉल्व्ह लावला, तर पुराच्या रात्री तो मिटतो आणि वरच्या मजल्यावर कुणी फ्लश ओढला की ते पाणी बाहेर जाऊ शकत नाही. ते तळमजल्याच्या जाळीतून वर येतं. गच्चीचा पावसाचा पाइपही त्याच लाइनला असेल, तर मोर्णेचं एक थेंबभर पाणी आत न येताही घर भरेल. म्हणून तळमजल्याची लाइन वेगळी काढून फक्त तिच्यावर व्हॉल्व्ह, आणि वरच्या मजल्यांचं व गच्चीचं पाणी त्याला वगळून पुढे सोडायचं. जुन्या इमारतीत यासाठी फरशी फोडावी लागते आणि सोसायटीत वाद होतो. पण वरच्या मजल्यांचं पाणी तळमजल्याच्या माणसाने का सोसावं, याचं उत्तर कुणाकडे नाही.

‘हे काम महापालिकेचं, आम्ही खर्च का करायचा’ या आक्षेपात तथ्य आहे. नाल्या साफ करणं, नाल्यांवरची बांधकामं काढणं, रस्ता वर चढवताना जुना थर खरवडणं ही पालिकेचीच कामं आहेत आणि ती मागायलाच हवीत. पण ती सगळी चोख झाली, तरी पातळीचा नियम बदलत नाही. केंद्र सरकारच्या जुन्या गटार-नियमपुस्तिकेत शहराच्या कडेच्या निवासी भागात वर्षातून दोनदा, तर मध्यवस्तीत वर्षातून एकदा पाणी तुंबणं आराखड्यातच गृहीत धरलं होतं. आजच्या नाल्यांतल्या कितीतरी त्याच काळात आखल्या गेल्या. २०० मिलिमीटरच्या रात्रीसाठी त्या बांधलेल्याच नव्हत्या. मुंबईत भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांत शिरू नये म्हणून दरवाजे आणि पंपिंग स्टेशनं लागली. तिथलं तत्त्व घराच्या झडपेपेक्षा वेगळं नाही. ‘मी व्हॉल्व्ह लावला तर पाणी शेजाऱ्याकडे जाईल’ ही शंकाही रास्त वाटते, पण शेजाऱ्याकडची पातळी नाला ठरवतो. एका न्हाणीत मावणारं पाणी नाल्याच्या मानाने नगण्य आहे. मात्र नदीच दारावरून येत असेल, अशा काठावरच्या घराला हा व्हॉल्व्ह वाचवू शकत नाही, हे विकणाऱ्यानेही सांगायला हवं.

आणखी एक तोंड या हिशेबातून कायम सुटतं, ते म्हणजे जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी. अकोल्यात काटेपूर्णा धरणाचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे अंगणात, पार्किंगमध्ये, कधी सेफ्टी टँकपासून हातभर अंतरावर ही टाकी खोदलेली असते आणि तिचं झाकण जमिनीला टेकलेलं असतं. अंगणात साचलेलं पाणी तिच्यात उतरतं आणि घरात पाणी आलं नाही म्हणून निर्धास्त झालेली माणसं तेच पितात. दूषित पाणी काय करतं, हे जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी गावांत दिसलं. तिथे विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसं दगावली. टाकीचं तोंड चेंबरच्या झाकणाहून फूटभर तरी वर घ्यावं, त्यावर घट्ट झाकण बसवावं. अंगणात पाणी साचून गेलं असेल तर टाकी पूर्ण उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन पुन्हा भरावी. पाणी वासाने आणि रंगाने स्वच्छ वाटलं तरी ते उकळूनच प्यावं.