पोवळ्याच्या खडकावरची पाण्याची रेघ

२६ जुलै २००५ चा पूर आपल्यापैकी कितीतरी जणींना आठवत असेल. पाणी ओसरलं, पण भिंतीवर त्याची रेघ राहिली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र कुठवर होता, त्याचीही अशीच खूण राहते. ती असते पोवळ्याच्या, म्हणजे प्रवाळाच्या खडकात.

आपण मणी म्हणून ओवतो ते लाल पोवळं. त्याचे भाऊबंद असलेले बारीक जीव उबदार, नितळ समुद्रात चुन्याची घरं बांधतात. घरावर घर चढून खडक होतो. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं आणि त्याला ऊन लागतं. म्हणून असा खडक उथळ पाण्यातच वाढतो. पाण्याबाहेर पडला तर मरतो, फार खोल गेला तरी मरतो. आपल्या काल्हेरच्या गढूळ खाडीत तर तो होतच नाही.

आता खडकाचा आकार काय सांगतो ते पाहू.

लक्षद्वीपची बेटं कंकणासारखी आहेत. चार्ल्स डार्विनने १८४२ साली याचं कारण मांडलं. खालचा ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत गेला आणि कडेचे प्रवाळ उन्हासाठी वर वर बांधत राहिले. डोंगर बुडाला, कंकण उरलं.

रामेश्वरला गेलात तर किनाऱ्यावर मेलेल्या प्रवाळाचा कोरडा खडक दिसेल. तो वाढला तेव्हा त्यावर पाणी होतं. म्हणजे एक तर समुद्र तेव्हा उंच होता, नाहीतर जमीन वर उचलली गेली.

तिसरी खूण आपल्या कोकणासमोर आहे. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची अंग्रिया बँक आहे. तिचा सपाट माथा सुमारे २० मीटर पाण्याखाली आहे आणि त्यावर आजही जिवंत प्रवाळ आहेत. २०,००० वर्षांपूर्वी पुष्कळ पाणी बर्फात अडकलं होतं. समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा हा माथा कोरडा होता. मग बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि माथा बुडाला.

तुम्ही म्हणाल, याचं आपल्याला काय? पाणी आताही चढतंय. १९०० पासून जगभरचा समुद्र सरासरी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर वर आलाय. पूर्वी प्रवाळ पाण्याबरोबर वर बांधत जायचे. आता समुद्र तापला की ते पांढरे पडतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपला तसंच झालं. आजारी गवंडी भिंत कशी चढवणार?

आणि भरतीचं पाणी आपल्या खाडीतही येतंच. म्हणून आमच्या गटाने ठरवलंय, दर पावसाळ्यात मोठ्या उधाणाला पाणी जिथवर येईल तिथे तेलरंगाची रेघ मारायची, बाजूला तारीख लिहायची. खाडीकाठची तिवरं तोडू द्यायची नाहीत, कारण ती लाटांचा जोर आणि काठाची धूप कमी करतात. तुम्हीही आपल्या गावात रेघ मारा. आपल्या लेकीसुनांना पाणी कुठवर होतं ते दाखवता आलं पाहिजे.