मांडवाच्या आत – भाग ७ : ‘थांबा’ कोण म्हणणार?

मागच्या भागात जनरेटर आणि अर्थिंग पाहिलं. या वेळी वारा.

नांदेड-लातूरकडे मोकळ्या मैदानावरच्या गाण्यांचा ऐन हंगाम एप्रिलचा. आंबेडकर जयंतीपासून गावोगावी भीमगीतांचे कार्यक्रम सुरू होतात, जोडीला जत्रांमधले ऑर्केस्ट्रा. अवकाळीचे दिवसही नेमके तेच. दिवसभर रान तापतं, चारच्या पुढं आभाळ भरून येतं आणि बघता बघता धुळीचा लोट स्टेजवर.

आधी काय पडतं, हे मंडपवाल्याला विचारा. तो स्टेजच्या मागच्या पडद्याकडं बोट दाखवेल. 40 बाय 20 फुटांचा फ्लेक्स ताणून बांधला की त्याचं शीड होतं. ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर साधारण साडेपाचशे किलोचा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे दोन टनांच्या वर! आणि हे सगळं तोलायचं कुणी, तर काळ्या मातीत ठोकलेल्या खुंट्यांनी. उन्हाळ्यात या मातीला भेगा पडलेल्या असतात. भेगेशेजारची खुंटी दिसते घट्ट, पण हातानं उपटून येते. पहिली सर पडली की तीच माती लोण्यासारखी मऊ. म्हणून नुसत्या खुंट्यांवर भागवू नका. 200 लिटरचा ड्रम पाण्यानं भरला की 200 किलोंचं वजन होतं. प्रत्येक कोपऱ्याला असे किती लागतील ते मंडपवाल्याकडून आधी लिहून घ्या. आणि पडद्याला निरगाठ मारू देऊ नका, सुरगाठ मारायला लावा. वारा सुटला की दोघांना ओढून पडदा खाली घेता आला पाहिजे. पाहुण्यांचे फोटो त्यावर असले तरी!

एवढं झालं तरी खरा घोळ राहतोच. 13 ऑगस्ट 2011 ला अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेत गाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. वादळाचा इशारा आलेला होता, आयोजकांमध्ये चर्चाही चालू होती. तेवढ्यात वादळी वाऱ्यानं स्टेजचं छत कोसळलं. सात जणांचा जीव गेला. नंतरच्या चौकशीत निघालं ते असं, की कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हेच स्पष्ट नव्हतं.

आपल्याकडं काय वेगळं आहे? माइक हातात घेणारे दहा असतात. अध्यक्षांचा सत्कार राहिलेला असतो, देणगीदार पहिल्या रांगेत, गायकाचे पैसे आधीच दिलेले. साउंडवाल्याला आभाळ दिसत असतं, पण त्याला कोण विचारतो? माझं मत सरळ आहे : हा अधिकार अध्यक्षांकडं नकोच. ज्याचा सत्कार होणार नाही आणि ज्याचे पैसे अडकलेले नाहीत, अशा एका माणसाकडं द्या. नारळ फुटायच्या आधी त्याचं नाव निवेदक, साउंडवाला, लाइटवाला आणि बंदोबस्ताचे पोलीस, सगळ्यांना सांगा.

वाऱ्याबरोबर विजाही येतात, म्हणून त्याच्या फोनवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप असू द्या. वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. कार्यक्रम बंद. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा सुरू करायचा नाही.

लोकांना कुठं पाठवायचं, हेही दुपारीच ठरवा. मंडपाखाली नाही, झाडाखाली तर नाहीच. शाळेच्या पक्क्या खोल्या उघडून ठेवा. 25 नोव्हेंबर 2023 ला कोचीच्या विद्यापीठात पाऊस आला म्हणून बाहेरचे लोक आत घुसले आणि पायऱ्यांवर चेंगरून चौघांचा मृत्यू झाला. तेव्हा फाटकं दोन्ही बाजूंना उघडी हवीत. आवाज बंद करा, पण वाटेवरचे दिवे चालू राहू द्या. निवेदकानं ‘घाबरू नका’ असं ओरडू नये. ‘मागच्या रांगा आधी, डाव्या फाटकानं शाळेकडं चला’ एवढंच पुन्हा पुन्हा सांगावं.

पुढच्या आठवड्यात माळेगावच्या यात्रेतल्या गर्दीबद्दल. तोवर तुमच्या मंडळाच्या बैठकीत एवढं एक विचारून घ्या : आपल्याकडं ‘थांबा’ म्हणणारा कोण?