दाराबाहेरची जगबुडी

मावळातल्या भाजे गावात जुलैचा पाऊस चार-पाच दिवस न थांबता लागला, की आधी विसापूरचा तट दिसेनासा होतो, मग कडा, मग लेण्यांचा डोंगर आणि शेवटी समोरच्या घराची कौलंसुद्धा. मळवलीला थांबणारी लोकल ऐकू येते, द्रुतगती मार्गावरच्या ट्रकांची घरघर येते. दिसत काहीच नाही. यंदा अशाच पावसात दोन रात्री वीज नव्हती. पहिल्या रात्री लॅपटॉपच्या बॅटरीत जेवढा जीव होता तेवढ्यावर मी बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा 'द ट्युरिन हॉर्स' (२०११) पुन्हा पाहिला. त्यातला वारा आणि पडवीच्या पत्र्यावरचा पाऊस एकमेकांत मिसळून गेले होते.

या चित्रपटात एक बाप आहे, त्याची मुलगी आहे, एक घोडा आहे आणि एक घर. सहा दिवसांची गोष्ट, लांबी अडीच तासांच्या आसपास, आणि शॉट अवघे तीस. बापाचा एक हात लुळा आहे, म्हणून मुलगी त्याला रोज कपडे चढवते. रोज एकेक उकडलेला बटाटा, तोही हातानं सोलून, चटके सोसत. बाहेर सुटलेला वारा थांबत नाही. घोडा चालेनासा होतो, मग खाईनासा होतो. दारू मागायला आलेला शेजारी जगाच्या नासाडीबद्दल बराच वेळ बोलतो आणि बाप त्याचं बोलणं झटक्यात उडवून लावतो. मग विहीर आटते. दोघं सामान गाडीवर लादून टेकडीपलीकडे निघून जातात. कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही, घराशीच थांबतो. थोड्या वेळानं त्याच टेकडीवरून दोघं परत येतात. पलीकडे काय दिसलं ते कुणी सांगत नाही. शेवटी तेल असूनही दिवा पेटत नाही. जग संपल्याची खूण एवढीच.

जगाचा अंत दाखवायला हजारो माणसं, कोसळणारे पूल आणि संगणकावर उभ्या केलेल्या लाटा लागतात, हा समज मोठ्या चित्रपटांनी पसरवला. त्याच्या शेजारीच एक वेगळी परंपरा साठ वर्षं चालत आली आहे: एक घर, एक तळघर, एक नभोवाणी केंद्र, चार-पाच माणसं, आणि दाराबाहेर काहीतरी. या लेखात त्या परंपरेचा धांडोळा घ्यायचा आहे. माझं म्हणणं असं की या चित्रपटांत संकटाला महत्त्व कमी आणि कडीवर ज्याचा हात आहे त्या माणसाला जास्त. जिथं दिग्दर्शक हे विसरला, तिथं चित्रपट पडला.

मराठीत या अंताला शब्दच आहे: जगबुडी. त्यात आग नाही, उल्का नाही, बुडणं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खेडजवळून वाहणाऱ्या नदीचं नावही जगबुडी, आणि पावसाळ्यात ती पात्र सोडून बाहेर आली की खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. एखाद्या भाषेनं प्रलयाचं नाव गावाजवळच्या नदीला द्यावं आणि लोकांनी त्या नदीकाठी पिढ्यानपिढ्या दुकानं थाटावीत, यात मला या चित्रपटप्रकाराचं सगळं सार दिसतं. संकट ओळखीचं असतं. ते शेजारीच राहत असतं.

परंपरेची सुरुवात म्हणून जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) धरायला हरकत नाही. पेनसिल्व्हेनियातलं एक शेतघर, बाहेर चालती प्रेतं, आत सात माणसं. प्रेतं आज भीतिदायक वाटत नाहीत. आतलं भांडण मात्र अजून अंगावर येतं. बेन म्हणतो, वरच राहू, खिडक्यांना फळ्या ठोकू. कूपर म्हणतो, तळघरात जाऊ आणि दार लावून घेऊ. आपण बेनच्या बाजूचे असतो, कारण तो धीराचा आहे, कामाचा आहे. कूपर भित्रा आणि खेकसणारा. आणि शेवटी रात्र निभावते ती तळघरातच. बेन त्याच तळघरात जगतो आणि सकाळी बाहेर माणसं आली म्हणून वर येतो, तेव्हा त्या माणसांच्याच गोळीनं मरतो. बेनची भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटानं केली होती आणि साल १९६८ होतं. त्या गोळीचा अर्थ अमेरिकन प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नसेल. चांगला माणूस चुकीचा असू शकतो आणि वाईट माणूस बरोबर, एवढी गुंतागुंत कमी पैशात काढलेल्या या कृष्णधवल चित्रपटानं भीतीच्या पोटात घालून ठेवली.

त्यानंतरच्या चित्रपटांनी बाहेरचं जग आत आणायच्या अनेक वाटा शोधल्या. मला त्यांतली आवाजाची वाट सगळ्यात मोलाची वाटते. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या 'द सॅक्रिफाइस'मध्ये (१९८६) युद्ध सुरू झाल्याचं आपल्याला कळतं ते घरावरून गेलेल्या विमानांच्या गडगडाटानं. घर हादरतं, कपाटातलं दुधाचं भांडं खाली पडून फुटतं. बस्स. त्या सांडलेल्या दुधाइतका अणुयुद्धाचा धसका मला दुसऱ्या कुठल्या पडद्यावर बसला नाही. त्याच चित्रपटाच्या शेवटी घर जळतं ते एका सलग शॉटमध्ये. पहिल्या वेळी कॅमेरा अडकला आणि घर जळून गेलं. मग घर पुन्हा बांधून पुन्हा जाळलं. हे चित्रीकरण स्वीडनच्या गॉटलंड बेटावर झालं आणि चित्रपट आला त्याच वर्षी डिसेंबरात तारकोव्हस्की गेला.

कॅनडाच्या ब्रूस मॅकडोनाल्डचा 'पाँटीपूल' (२००८) याच वाटेनं आणखी पुढे जातो. छोट्या गावातलं नभोवाणी केंद्र, बाहेर बर्फ, आणि फोनवरून येणाऱ्या बातम्या. रोग पसरतो तो बोलण्यातून, इंग्रजीतल्या काही शब्दांतून. ज्याचं पोट बोलण्यावर आहे त्या निवेदकालाच गप्प बसायची वेळ येते. कल्पना अशी, की पात्र आणि संकट वेगळं काढताच येऊ नये.

जेम्स वॉर्ड बर्किटनं 'कोहिरन्स' (२०१३) स्वतःच्या घरात पाच रात्रींत काढला. आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू जातोय, वीज जाते आणि थोड्या अंतरावर एकाच घरात उजेड दिसतो. ते घर त्यांचंच असतं. नटांना पूर्ण संहिता दिलेली नव्हती, रोज फक्त आपापल्या पात्रापुरत्या चिठ्ठ्या. त्यामुळे चेहऱ्यावरचा गोंधळ खरा आहे. आपल्याकडच्या हौशी मंडळींनी हा चित्रपट वही-पेन घेऊन पाहावा.

डॅन ट्रॅक्टनबर्गचा '१० क्लोव्हरफिल्ड लेन' (२०१६) दीड तास उत्तम आहे. अपघातानंतर एका मुलीला जमिनीखालच्या तळघरात शुद्ध येते. जॉन गुडमननं साकारलेला घरमालक सांगतो, बाहेरची हवा विषारी झाली आहे, मी तुला वाचवलं. तो खोटं बोलतोय की खरं, हे ठरवण्यात चित्रपटाचा जीव आहे, आणि उत्तर असं निघतं की दोन्ही. मात्र मुलगी बाहेर पडते आणि दिग्दर्शक दार सताड उघडून परग्रहवासी दाखवतो, तिथं इतका वेळ जमवलेला ताण ओसरतो. एम. नाइट श्यामलनच्या 'नॉक अॅट द केबिन'चं (२०२३) दुखणं यासारखंच. चार अनोळखी माणसं दारावर थाप मारतात आणि म्हणतात, तुमच्यापैकी एकानं मरायला तयार व्हा, नाहीतर जग संपेल. पॉल ट्रेम्बलेच्या मूळ कादंबरीत हे खरं की खोटं, याची धास्ती अखेरपर्यंत राहते. चित्रपट उत्तर देऊन मोकळा होतो. 'लीव्ह द वर्ल्ड बिहाइंड'बद्दल (२०२३) एवढंच, की मध्यरात्री दारात आलेल्या बाप-लेकीचं दृश्य पाहावं, बाकीचं सोडलं तरी चालेल.

आता आपल्याकडे येऊ. बंद खोलीतल्या ताणाचं व्याकरण मराठीला कुणाकडून शिकावं लागत नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) आठवा. गावातला एक हॉल, वेळ काढायला मांडलेला खोटा खटला, आणि दाराची ती कडी. सुरुवातीलाच नायिका बेणारेच्या बोटाला ती लागते. पुढे तिला निघून जायचं असतं तेव्हा दार उघडत नाही, कडी बाहेरून बसलेली असते. तेंडुलकरांच्या या नाटकात बाहेरचं जग शाबूत आहे, संपतं ते एका बाईचं. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली त्यावर मराठी चित्रपट केला. बेणारे सुलभा देशपांडे, कॅमेरा गोविंद निहलानींचा. '१० क्लोव्हरफिल्ड लेन'मधल्या तळघराच्या दारापेक्षा ती कडी मला जास्त छळते.

विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) भयपट म्हणून ओळखला जातो, तरी एका जागेचा वापर म्हणून मराठीत त्याच्या तोडीचं फार थोडं आहे. उसाच्या शेतात एक घर, त्यात गरोदर नेहा, आणि चहूकडे डोक्यावर गेलेला ऊस. उसात वाट चुकणं काय असतं हे पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला ठाऊक आहे. आपल्या मातीतलंच भय आहे ते. विषय मुलींच्या गर्भातल्या हत्येचा. 'छोरी' (२०२१) या नावानं फुरियानंच तो हिंदीत केला, पण मला पूजा सावंतचा मूळ मराठीच अधिक भावतो.

जगाचा अंत आणि एकच जागा, या दोन्ही अटी तंतोतंत पुऱ्या करणारी कलाकृती नागपूरच्या आरती कडव यांची आहे, हिंदीत: '५५ किमी/सेकंद' हा छोटेखानी चित्रपट. उल्का पृथ्वीवर आदळायला थोडाच वेळ उरलाय, कॉलेजचे जुने मित्र व्हिडिओ कॉलवर निरोप घेताहेत, आणि एक लाजरा मुलगा आयुष्यभर न बोललेलं बोलून टाकतो. हे काम टाळेबंदीत, ज्याच्या त्याच्या घरी, फोनवर चित्रित झालं. त्याआधीच्या 'कार्गो'मध्ये त्यांनी एका अंतराळयानात मेलेल्या माणसांची नोंद ठेवणारा एकलकोंडा राक्षस दाखवला होता. साधनं तुटपुंजी, पण पात्रांवरची माया अपार. मराठी निर्मात्यांनी त्यांच्या दाराशी जायला हवं होतं.

साहित्यात आपण या विषयाला फार आधी भिडलो. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' कथेत पृथ्वीवर येऊ घातलेल्या धूमकेतूसमोर एकीकडे विज्ञान उभं राहतं आणि दुसरीकडे घरातला यज्ञ. नारळीकरांची नजर विश्वाच्या मापाची होती. त्या कथेतलं घर पकडून, विज्ञान की यज्ञ या नवरा-बायकोच्या वादावर कुणी पूर्ण चित्रपट उभा केला नाही.

आणि अनुभव? तो तर आपल्याकडे इतका आहे की बोलताना जीभ जड होते. १८९७ च्या प्लेगात पुणेकर घरदार सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहिले. त्या काळावर जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' (१९७९) आहे. तो प्लेग अधिकारी रँडच्या वधाचा चित्रपट, झोपडीत बसून मोजलेल्या दिवसांचा नव्हे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे: रोजच्या रस्त्यानं आला आणि गाव दिसेना. २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले, आणि मुंबई-पुण्याहून चालत आलेला आपलाच मुलगा पलीकडे उभा होता. आत घ्यायचं की नाही? रोमेरोच्या शेतघरातला प्रश्न घराघरात विचारला गेला. पाच वर्षं उलटून गेली. त्या वेशीवरच्या रात्रीला न्याय देणारा मराठी चित्रपट मी अजून पाहिलेला नाही, आणि ही गोष्ट मला खरोखर लागते.

'द ट्युरिन हॉर्स' पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तेव्हा पायऱ्या चढून लेण्यांत गेलो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरायला घेतलेली ही बावीस लेणी. पावसाळ्यात भटकंती थांबवून भिक्षूंनी एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. एका जागेत काही महिने, ठरलेली माणसं आणि बाहेर न संपणारा पाऊस. विहारातल्या खोल्यांत दगडी ओटे आहेत. बाहेर पाण्याची टाकी आहेत, आणि त्यांतलं एक महारठी कोसिकीपुत विण्हुदत्तानं दान दिल्याचा लेख कोरलेला आहे. एका बाजूला चौदा स्तूपांचा समूह, इथंच गेलेल्या थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, आठवणीचा. ओटा, पाणी, सोबत आणि मेलेल्यांची आठवण: बंद जागेत टिकून राहण्यासाठी काय लागतं, त्याची यादी त्या लोकांनी दगडात करून ठेवली आहे.

चैत्यगृहात मान वर केली की कमानीला लाकडाच्या फासळ्या दिसतात. दगडी छताला त्यांच्या आधाराची गरज नाही. लाकडी घराची सवय असलेल्या हातांनी डोंगराच्या पोटातही घरच उभं केलं. लार्स फॉन ट्रायरच्या 'मेलँकोलिया'च्या (२०११) शेवटी ग्रह आदळायला येत असताना जस्टिन आपल्या भाच्यासाठी माळावर काठ्यांची 'जादूची गुहा' उभारते आणि तिघं आत हात धरून बसतात. त्या काठ्या कशालाच अडवणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक असतं. पोराला घर हवं असतं, म्हणून ती बांधते. भाज्याच्या त्या फासळ्यांखाली उभा असताना मला तो प्रसंग नव्यानं कळला.

मराठीत असा एका जागेतला चित्रपट करू इच्छिणाऱ्यांना माझी विनंती आहे. मावळातलं एक साधं घर घ्या. चार दिवसांचा पाऊस घ्या, खचलेला रस्ता, बंद पडलेला फोन, संपत आलेला पिठाचा डबा, आणि घरात अशी पाच माणसं ज्यांचं एकमेकांशी काहीतरी जुनं देणं आहे. मग दारावर एक थाप वाजू द्या. डोंगर कोसळताना दाखवू नका, तो ऐकू येऊ द्या. संहितेवर वर्ष घालवा आणि ध्वनिमुद्रकाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. फक्त लेण्यांत दिवे आणि कॅमेरे नेऊ नका. त्या छताच्या फासळ्यांचं लाकूड बावीसशे वर्षांपूर्वीचं आहे आणि अजून जागेवर आहे.