लिहून न ठेवलेलं नाटक

तुळशीचं लग्न लागलं की तळकोकणात जत्रा सुरू होतात आणि दशावतारी कंपन्यांचे पेटारे घराबाहेर पडतात. वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, चेंदवणकर ही नावं सिंधुदुर्गात गायकांच्या घराण्यांसारखी घेतली जातात. कुठल्या देवळात कोणाचं नाटक, हे पुष्कळ ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडताना दहीकाल्याने संपतं, म्हणून मालवणीत दशावताराला सरळ ‘धयकालो’ म्हणतात. एवढ्या लांब नाटकाची संहिता मात्र परंपरेने कुणाच्याच हातात नसते.

प्रयोगाआधी कंपनीचा मालक किंवा एखादा जाणता नट आख्यान ठरवतो, कथा सांगतो, कोणी कोणता पार्ट करायचा आणि कुठला प्रवेश कशावर तोडायचा ते वाटून देतो. वाक्यं ज्याची त्याने बोलायची. हे ऐकून शहरी माणसाला वाटतं, म्हणजे सुचेल ते बोलत असतील. तसं बोलून पहाटेपर्यंत कोणी टिकणार नाही. श्रीधर कवीचे ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’ हे ग्रंथ कोकणात घरोघर वाचले गेले आहेत. ही कथानकं नटाला ठाऊक असतात आणि समोर बसलेल्या आजीलाही. त्यामुळे चूक लपत नाही. शिवाय नट वर्षानुवर्षं बहुधा एकाच धाटणीच्या भूमिका करतो: कोणी राजपार्टी, कोणी स्त्रीपार्टी, कोणी राक्षस, कोणी नारद. (स्त्रीपार्टही परंपरेने पुरुषच करतात.) राजाने दरबारात कसं बोलायचं, शाप कुठल्या पट्टीत द्यायचा, याचा साठा अंगात मुरलेला असतो. ‘लोकराजा’ म्हणून ओळखले गेलेले सुधीर कलिंगण यांचं नाव आजही राजपार्टाशीच जोडलं जातं.

खरी कसोटी दोन पात्रांच्या वादात लागते. समोरच्याने धर्म-अधर्माचा एखादा आडवा प्रश्न टाकला, तर उत्तर तिथल्या तिथे, तेही पुराणाला धरून द्यावं लागतं. रसिक याच सामन्यासाठी जागतात. वाद रंगला की प्रवेश लांबतो, फिका पडला की अनुभवी नट पद सुरू करून सुटका करून घेतो. हार्मोनियम, मृदंग आणि झांजवाले बाजूलाच बसलेले असतात; त्यांचं लक्ष सुरांइतकंच नटाच्या चेहऱ्यावर असतं. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर.

आख्यानाआधीच्या पूर्वरंगाला ‘आडदशावतार’ म्हणतात. त्यात गणपती येतो, ऋद्धि-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि मग येतो संकासूर: अंगभर काळा पोशाख, बाहेर लोंबणारी लाल जीभ. ब्रह्मदेवाचे वेद पळवणारा हा राक्षस इथे सगळ्यांचा लाडका आहे. राजे आणि देव प्रमाण, जडशीळ मराठी बोलतात. संकासूर मालवणी बोलतो. त्या बोलीत तो भटजीची फिरकी घेतो, गावच्या पुढाऱ्यालाही सोडत नाही. मत्स्यावतारात विष्णू त्याला मारतो. नावात दहा अवतार असले तरी पूर्वरंगात कथा घडते ती एवढ्या एकाचीच. माझ्या मते मराठी रंगभूमीवरचं हे सर्वांत मोकळं पात्र आहे, कारण त्याने आज काय बोलायचं ते आजचं गाव ठरवतं.

लिहिलेली संहिता नाही म्हणून या नाटकाला कमी लेखणाऱ्यांनी मराठी रंगभूमीचाच जन्म आठवावा. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी केलेल्या सूचनेवरून. त्या नाटकांत पदं सूत्रधार म्हणे आणि पात्रं आपापलं भाषण ऐन वेळी रचत. संपूर्ण लिहिलेलं नाटक पुढे आलं, वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 चं. अशा नाटकांना तेव्हा ‘बुकिश’ म्हणत, आणि त्यात थोडा टोमणा होता.

आता जत्रेखेरीज तिकीट लावूनही प्रयोग होतात, कुडाळ-सावंतवाडीला आणि मुंबईतही. जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द ठळक असतो: धूर, रंगीत दिवे, अचानक प्रकटणारा देव. लोकांना ते आवडतं, आणि कंपनीला पोट आहे. पण ट्रिकसीनला वेळ ठरलेली लागते. धूर अमुक वाक्यालाच सुटायला हवा, म्हणजे ते वाक्यही आधीच ठरवावं लागतं. वाद लांबवण्याची नटाची मुभा तिथे आखडते.

पहिल्यांदा बघणार असाल तर जत्रेतलंच बघा. संकासूर गेल्यावर उठू नका. चांगले वाद बहुधा मध्यरात्र उलटल्यावर होतात. शाल न्या आणि आख्यान कोणतं आहे ते शेजारच्याला आधीच विचारून घ्या. तो कथा तर सांगेलच, राजपार्ट कोण करतोय आणि तो बापाच्या तोडीचा आहे की नाही, हेही सांगेल.