चाहत्यांचा खेळ, मालकांचा संघ

आज हिंगोली जिल्हा म्हणून ओळखला जाणारा भूभाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्यात होता, आणि त्याच काळात ते राज्य भारतीय फुटबॉलच्या अग्रभागी होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईत खेळला जाणारा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्यानंतर महिनाभरातच मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्याच ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेले. एवढा वारसा जवळ असूनही हिंगोली, वसमत किंवा कळमनुरीतील फुटबॉलप्रेमी तरुणाचा जिव्हाळा आज मँचेस्टर, माद्रिद किंवा बार्सिलोना येथील क्लबांशी जडलेला असतो, आणि त्याचे कारण व्यावसायिक फुटबॉलच्या घडणीत शोधावे लागते.

ज्या खेळात खेळाडू क्लबशी करार करून केवळ खेळण्याचे वेतन घेतो आणि क्लब तिकिटे, जाहिराती व प्रक्षेपण हक्क विकून तो खर्च भागवतो, त्याला व्यावसायिक फुटबॉल म्हणतात. भारतात दीर्घकाळ याऐवजी संस्थात्मक पद्धत रूढ होती, म्हणजे पोलीस, रेल्वे, टाटा किंवा मफतलाल यांसारख्या आस्थापना खेळाडूला नोकरी देत आणि त्याच्याकडून आपल्या संघासाठी खेळून घेत. युरोपात मात्र १९९२ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाल्यानंतर दूरचित्रवाणीचा पैसा निर्णायक ठरला, १९९५ च्या बोसमन निवाड्याने करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातील दुसऱ्या देशाच्या क्लबकडे विनाशुल्क जाण्याची मुभा दिली, आणि २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या क्लबने २२ कोटी २० लाख युरो मोजले. हाच पैसा उत्तम प्रक्षेपणाच्या रूपाने घरोघरी पोहोचला, म्हणूनच दूरचा क्लब जवळचा वाटू लागला.

भारतात २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने हेच प्रारूप उचलले, परंतु तिचा पाया फ्रँचायझीचा, म्हणजे विशिष्ट शहराच्या नावाने संघ चालवण्याचा हक्क विकत घेण्याचा होता. सजग चाहत्याचा मुख्य आक्षेप येथेच आहे, कारण विकत घेतलेला हक्क दुसरीकडे हलवताही येतो. पुण्याचा संघ २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. त्या संघाने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले, तरी २०२५ मध्ये तोही दिल्लीला नेण्यात आला. मराठवाड्याच्या एका अंगाला पुणे आणि दुसऱ्या अंगाला हैदराबाद असल्यामुळे येथील चाहत्याने आपले म्हणावेत असे दोन्ही संघ सहा-सात वर्षांत नाहीसे झाले, आणि या निर्णयांत चाहत्यांना मत नव्हते. शिवाय लीगचे व्यापारी हक्क २०१० च्या एका पंधरा वर्षांच्या कराराने एकाच कंपनीच्या हाती गेले होते. तो करार संपत आला आणि नूतनीकरण झाले नाही, म्हणून जुलै २०२५ मध्ये संपूर्ण स्पर्धाच स्थगित ठेवली गेली.

चाहत्यांना असे बाहेर ठेवणे अपरिहार्य नाही. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या मूळ संस्थेकडे असावी लागतात, त्यामुळे गुंतवणूकदार आला तरी अंतिम शब्द सभासदांचा राहतो. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा इंग्लंडमधील चाहते रस्त्यावर उतरले आणि अवघ्या दोन दिवसांत तेथील सहाही क्लबांनी माघार घेतली. महाराष्ट्रात याच भावनेचे जिवंत रूप कोल्हापुरात दिसते. तेथे पाटाकडील, खंडोबा आणि दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांचे संघ पेठांमधून उभे राहिले, त्यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरून जाते, आणि त्याच शहराचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. ईर्ष्येतून हाणामारीचे प्रसंगही तेथे घडतात, परंतु पेठेचा संघ कोणी परगावी हलवू शकत नाही, आणि हीच त्या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यापर्यंत फुटबॉल आजवर प्रामुख्याने मोहिमांच्या रूपाने आला आहे. १७ वर्षांखालील विश्वचषकाच्याच निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभरातील दहा लाख मुलांना एकाच दिवशी मैदानावर उतरवण्याचा उपक्रम शासनाने योजला, तर १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडे मैदानावर लिओनेल मेस्सीच्या उपस्थितीत तेरा वर्षांखालील निवडक ६० मुलामुलींना प्रशिक्षण देणारा महादेवा प्रकल्प सुरू झाला. हे उपक्रम स्वागतार्ह आहेत, परंतु निवड ही शेवटची पायरी असते. तिच्याआधी नियमित सराव, जाणकार प्रशिक्षक आणि वर्षभर चालणारे स्थानिक सामने यांच्या पायऱ्या असाव्या लागतात.

या पायऱ्यांसाठी लागणारा पैसा मिळण्याची एक दुर्लक्षित वाटही जागतिक व्यवस्थेत आहे. फिफाच्या नियमानुसार खेळाडू एका देशातील क्लबकडून दुसऱ्या देशातील क्लबकडे शुल्क आकारून गेला, तर त्या शुल्कातील ५ टक्के रक्कम वयाच्या १२ ते २३ वर्षांत त्याला घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते. याला सहभाग निधी म्हणता येईल. ही रक्कम नोंदणीकृत क्लबलाच मिळते, म्हणून लहान गावातील क्लबने फुटबॉल संघटनेकडे आपली आणि आपल्या खेळाडूंची नोंद करणे ही नुसती कागदपत्रांची औपचारिकता नसून तो आर्थिक हक्काचा पाया आहे.

व्यावसायिक फुटबॉलने हिंगोलीला प्रेक्षक बनवले, खेळाडू बनवले नाही, हा या साऱ्याचा निष्कर्ष आहे. परदेशी क्लबवरचे प्रेम सोडण्याची आवश्यकता नाही. परंतु तेच प्रेम करणाऱ्यांनी आपल्या तालुक्यात नोंदणीकृत क्लब उभा करावा, शाळेचे पटांगण वाचवावे आणि जिल्हा साखळी स्पर्धेचा आग्रह जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे धरावा, कारण स्वतःचा संघ असलेल्या चाहत्याच्या मताकडेच व्यवस्थेला दुर्लक्ष करता येत नाही.